वेळासचीं कासवें आणि गांवचें उत्पन्न

शेतकऱ्याच्या मिळकतीची वाट केवळ बांधाच्या आंतूनच जाते, असें मानण्याची आपली संवय आहे. परंतु बांधाबाहेरची सृष्टि राखल्यानेंहि घरांत चार पैसे येतात, हें रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्याच्या वेळास गांवानें दाखवून दिलें आहे. नाना फडणविसांचा हा गांव समुद्रकांठीं, नारळी-पोफळींच्या बागांत वसलेला आहे.

येथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें हिवाळ्यांत रात्रीं येतात, वाळूंत खळगा करून सुमारें शंभर अंडीं घालतात आणि समुद्रांत परत जातात. पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत; उरलेलीं कुत्रीं व कोल्हीं फस्त करीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण होतें. पण काळोख्या रात्रीं पुळणीवर कायदा पहारा करीत नाहीं, तो माणसांनींच करावा लागतो. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांस हाताशीं धरून हें काम आरंभिलें. अंडीं कुंपणाच्या आंत, मूळच्याच खोलीच्या खड्ड्यांत पुरून ठेवितात. ४५ ते ६० दिवसांत पिलें वर येतात, तीं समुद्राकडे सोडितात.

२००६ पासून तेथें कासव-महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरींच उतरतात व घरचेंच अन्न जेवतात. म्हणून त्यांचा पैसा परक्या दलालाकडे न जातां गांवांत राहतो. जीं अंडीं एकदांच विकलीं जात, तींच राखल्यानें दरवर्षीं उत्पन्न देऊं लागलीं.

मात्र येथेंच सावधगिरी हवी. अंड्यांतून निघालेलें पिलूं उजेडाकडे धांवतें. पाहुण्याची बॅटरी त्यास समुद्राऐवजीं भलतीकडेच नेते. एखादे दिवशीं पिलूं निघतहि नाहीं, हें पाहुण्यास आधींच सांगितलेलें बरें. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथें फुलांच्या दिवसांत इतकी गर्दी लोटूं लागली कीं, रोज किती जणांस सोडावें याची मर्यादा घालावी लागली.

महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून आमचे पुष्कळ वाचक या धंद्याचा विचार करीत आहेत. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, खोल्या बांधण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: उन्हाळ्यांत पाहुण्यांस पुरून पिकास पाणी उरेल काय, शौचकूप व केरकचरा यांची सोय काय, आणि पाहुणे आले असतां शेतांतील कामें कोण करील. घर, बाग, पुळण यांस सोसवतील तितकेच पाहुणे घ्यावे. पिलें येणें थांबलें, तर पाहुणाहि येणार नाहीं, आणि बांधलेल्या खोल्यांचें कर्ज तेवढें आपल्या माथीं राहील.