बसलेल्या गाईला उठवताना

सकाळच्या धारा झाल्या असतील, डेअरीला दूध गेलं असेल. आता घटकाभर बसून ऐका. आजचं बोलणं गोठ्यातलंच आहे. माणसाला लकवा मारला, कंबर धरली, की दवाखान्यात व्यायाम करून घेतात, मालिश करतात, शेक देतात. त्याला फिजिओथेरपी म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. जनावरांवरही हे उपचार होतात आणि त्यातले बरेचसे आपल्याच हातांनी करता येतात. हे मात्र गेल्या हिवाळ्यापर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हतं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंची संकरित गाय तिसऱ्या वेताला रात्री दहाच्या सुमारास व्याली. कालवड झाली, वार पडली, सगळं नीट झालं म्हणून ताई झोपल्या. पहाटे पाचला बघतात तर गाय मान पोटाकडे वळवून कोब्यावर पडलेली. कान गार, नाकपुडी कोरडी, उठायचं नाव नाही. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते, ते अकराला आले. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. तासाभरात गाईचे कान गरम झाले, ती रवंथ करू लागली, वैरणीला तोंड लावलं. पण उठेना.

मग बघे जमले. कोणी म्हणालं, शेपटी धरून उचला. कोणी म्हणालं, पुठ्ठ्यावर डाग द्या. एक जण तर भाव करायलाच आला होता. गाय गटाच्या कर्जातून घेतलेली, अकरा हप्ते बाकी. ताई डोक्याला हात लावून बसल्या. डॉक्टर जाताना म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता पुढचं काम तुमच्या हातात आहे. हिला एका कुशीवर राहू देऊ नका." त्या दिवसापासून पुढचे सहा दिवस आम्ही जे केलं, ते आज सांगतो.

गाय का उठत नाही?

व्याल्यावर चिकातून आणि दुधातून एकदम भरपूर कॅल्शियम बाहेर जातं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की स्नायू ढिले होतात आणि जनावर बसतं. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग गार लागतं. जास्त दूध देणाऱ्या जनावराला, तिसऱ्या वेतापासून पुढे, आणि बहुतेक वेळा व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत हा त्रास होतो. वेळेवर कॅल्शियम मिळालं तर बरीच जनावरं काही तासांत उभी राहतात.

मग काही जनावरं कॅल्शियम मिळूनही का उठत नाहीत? आपण पाटावर मांडी घालून निवडण-टिपण करत बसलो की अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. उठताना भिंत धरावी लागते. गाईचं वजन चारशे-पाचशे किलो. ती कडक कोब्यावर एकाच कुशीला पडून राहिली की खालच्या पायावर तो सगळा भार येतो. तिथल्या मांसाला रक्त पोचत नाही, शिरा दबतात. सहा ते बारा तासांत त्या पायाला अशी इजा होऊ शकते की मूळ आजार बरा झाला तरी पाय साथ देत नाही. शिवाय वासरू अडलं असेल, ओढून काढलं असेल, तर ओटीपोटातल्या नसा दाबल्या जातात आणि मागचे पाय फाकतात.

म्हणजे पहिला आजार कॅल्शियमचा आणि दुसरा पडून राहण्याचा. पहिल्यावर डॉक्टर औषध देतात. दुसऱ्यावर बाटली नाही, तिथे माणसाचे हातच लागतात.

आधी डॉक्टर, मग हात

हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा, जनावर कशामुळे बसलंय हे डॉक्टरांनी बघितलं पाहिजे. पाय मोडला असेल, खुब्याचा सांधा निखळला असेल, तर मालिश आणि उचलणं घातक ठरतं. तरुण जनावराला ताप आहे, पुठ्ठा सुजलाय आणि दाबल्यावर चरचर आवाज येतो, तर तो फऱ्या असू शकतो. तिथे चोळायचं नाही, धावत दवाखाना गाठायचा. तोंडातून लाळ गळतेय, आवाज बदललाय, मागून लुळं पडलंय, तर पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का, हे आठवा. असा संशय असेल तर तोंडात हात घालू नका, लाळेला हात लावू नका. चुकून लागलीच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं हात धुवा आणि आपल्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

आम्ही काय केलं

पहिलं काम अंथरूण. गाईला कोब्यावरून मातीच्या जागेवर हलवलं. गळ्याला दावं लावून किंवा पाय धरून फरफटत न्यायचं नाही. जाड ताडपत्रीवर घेऊन आठ जणांनी ताडपत्री ओढली. खाली भुसभुशीत माती आणि वर हातभर पाचट टाकलं. वाळू असेल तर फारच चांगलं, कारण उठताना खूर रुततो, घसरत नाही. नुसत्या कोब्यावर पेंढा टाकला तर तो सरकतो आणि जनावर पुन्हा पडतं. ओलं अंथरूण रोज बदललं.

दुसरं काम बसवणं. जनावर छातीवर, मान वर करून बसलेलं पाहिजे. सपाट आडवं पडलं तर पोट फुगतं आणि पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जायची भीती असते. म्हणून पोत्यांत भुसा भरून ती तिच्या दोन्ही बाजूंना उशीसारखी लावली.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं काम कूस बदलणं. दर तीन ते चार तासांनी, दिवसा आणि रात्रीही. एकीनं मान धरायची, दोघींनी पाठीला आणि पुठ्ठ्याला रेटा द्यायचा, चौथीनं खाली दबलेला मागचा पाय पोटाखालून हळूच दुसऱ्या बाजूला काढून द्यायचा. आम्ही कागदावर पाळ्या लिहून तो कागद गोठ्यात लावला. रात्री दोनची पाळी कोणालाच नको होती. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या.

चौथं काम मालिश आणि व्यायाम. प्रत्येक कूस बदलली की आधी दबलेला पाय मोकळा होतो. त्या पायाला तळहातानं, खुराकडून मांडीकडे, वरच्या दिशेनं दहा-पंधरा मिनिटं चोळायचं. तेल हवंच असं नाही. रक्त वर चढावं, मांस मोकळं व्हावं, एवढाच हेतू. मग खुराचा सांधा, घोटा, गुडघा एकेक करून हळू दुमडायचा आणि सरळ करायचा, दहा-बारा वेळा. जनावरानं पाय ओढून घेतला, मान वळवून बघितलं, कण्हलं, तर तिथेच थांबायचं. मारून-मुटकून व्यायाम होत नाही.

पाचवं काम शेक. इजा ताजी असेल, सूज गरम लागत असेल, तर पहिले दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर गोणपाट गरम पाण्यात बुडवून, पिळून शेकायचं. पाणी आधी आपल्या कोपराला लावून बघायचं. आपल्याला सोसवतं तेवढंच गाईला.

सहावं काम उभं करणं. डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर तिसऱ्या दिवसापासून हे सुरू केलं. तीन मजबूत वाशांची तिकाटी उभी करून तिला साखळीची कप्पी बांधली. रुंद पट्टे, एक छातीखाली आणि एक पोटाखाली कासेच्या पुढे, असे लावून गाईला सावकाश वर घेतलं. तिनं पाय टेकून भार घेतला तर दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवायची आणि त्या वेळात पुठ्ठे, मांड्या चोळायच्या. नुसती पोत्यासारखी लोंबकळली तर लगेच खाली घ्यायचं, कारण लोंबकळल्यानं श्वास कोंडतो आणि पट्टे रुततात. मागचे पाय फाकत होते म्हणून डॉक्टरांनी दोन्ही पायांना मऊ सुती पट्टी, मध्ये दीड-दोन फूट अंतर ठेवून बांधायला सांगितली. पुठ्ठ्याच्या हाडांना लावायचा लोखंडी चिमटा काही ठिकाणी असतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोडाच वेळ वापरायचा.

या सगळ्याबरोबर पाणी आणि वैरण तोंडासमोर हवी. पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी केली नाही, थोडं दूध राखलं, म्हणजे कॅल्शियम पुन्हा एकदम खाली जात नाही. पुढे सड रोज स्वच्छ धुऊन दूध काढलं, नाहीतर बसलेल्या जनावराला कासदाह व्हायला वेळ लागत नाही. गिळता न येणाऱ्या जनावराच्या नरड्यात बाटलीनं काढा, तेल काही ओतलं नाही. ते फुप्फुसात गेलं तर उभ्या राहणाऱ्या जनावराचाही जीव जातो.

पाचव्या दिवशी गाईनं मागचा भाग स्वतःहून हातभर उचलला आणि पुन्हा बसली. सहाव्या दिवशी सकाळी ताई वैरण घेऊन गेल्या तर गाय पट्ट्याशिवाय उभी होती. पाय लटपटत होते, पण उभी होती.

सगळीच जनावरं उठतात असं आम्ही सांगणार नाही. त्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरची म्हैस दोन दिवस कोब्यावर एकाच कुशीला पडून होती. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता, सगळं करूनही ती उठली नाही. खातेय, छातीवर बसतेय, उठायची धडपड करतेय, तोवर आशा धरायची. तिनं खाणं सोडलं, धडपड सोडली, अंगावर जखमा पडू लागल्या, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलायचं.

डाग, झटके आणि हाड बसवणं

आपल्याकडे लंगड्या जनावराला डाग देतात. त्यानं पायातली नस सुटत नाही, वर भाजल्याची जखम आणि यातना मिळतात. शेपटी पिळून किंवा धरून उचललं तर शेपटीचे मणके निसटतात. या दोन्ही गोष्टी गावात कोणी करत असेल तर हात धरून थांबवा.

परदेशात घोड्यांसाठी आणि कुत्र्यांसाठी ऑस्टिओपॅथी नावाची पद्धतही वापरतात. अमेरिकेतल्या डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ती माणसांसाठी सुरू केली. हातानं सांधे आणि स्नायू चाचपून, दाबून, हलवून उपचार करायचे, अशी ती पद्धत. जनावरांना तिचा किती गुण येतो याचे पुरावे अजून फार थोडे आहेत. फिजिओथेरपीचा आधार त्यापेक्षा पक्का आहे. मुंबई-पुण्यात आता पाळीव कुत्र्यांना पाण्यात चालवून व्यायाम देतात, कारण पाण्यात पायावर भार कमी येतो. पण गावात "हाड बसवतो" म्हणून कोणी झटका द्यायला आला तर गाईला हात लावू देऊ नका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार आजार ओळखून उपचार ठरवणं हे नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचं काम आहे. त्यांनी सांगितलेली सेवा करणं हे आपलं.

आणि ही सेवा आपल्याला परकी नाही. बेंदूर असो की पोळा, आदल्या दिवशी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकून हळद-तूप चोळतात. ती खांदेमळणी म्हणजे वर्षभर जू ओढलेल्या मानेला दिलेला शेक आणि मालिशच. फक्त ती वर्षातून एकदा पुरत नाही. औताच्या दिवसांत रोज संध्याकाळी जू उतरलं की खांदा हातानं चाचपा. गरम लागला, सुजला, तर बैलाला विश्रांती द्या आणि जू कुठे घासतंय ते बघून ते तासून घ्या.

तुमचे दोन प्रश्न

एका मैत्रिणीनं विचारलंय, "शेळीचं करडू जन्मलं ते पुढच्या पायाचं खूर मागे मुडपून चालतंय. काय करू?" ताई, पोटात जागा कमी पडल्यामुळे कधी कधी पायाच्या शिरा आखडलेल्या असतात. पाय हळूच सरळ करून थोडा वेळ धरायचा आणि सोडायचा, असं दिवसातून चार-पाच वेळा करा. मऊ, कोरड्या जमिनीवर चालू द्या. सौम्य असेल तर काही दिवसांत सुटतं. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवा, ते कापूस लावून बांबूच्या कामट्या बांधतील. बांधल्यावर खूर गार पडलं का, सूज आली का, हे रोज दोनदा बघायचं.

दुसरीनं विचारलंय, "म्हैस उभी राहिली की मागचा पाय मागे ताठ राहतो, मग झटक्यानं पुढे येतो. मालिश करू का?" नाही. गुडघ्याची वाटी अडकल्याची ही खूण असू शकते. ती चोळून सुटत नाही. डॉक्टर जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया करतात, तिला दाखवून घ्या.

जाता जाता एवढंच करा. गटाच्या पुढच्या बैठकीत कोणाकोणाची जनावरं कधी व्यायची आहेत ते लिहून काढा. व्यायला टेकलेलं जनावर कोब्यावरून मातीवर, पाचटावर बांधा. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन रात्री दर तीन तासांनी एकीनं तरी उठून बघा. पाच-सहा रिकामी पोती, एक ताडपत्री आणि रुंद पट्टे गटाच्या पैशांतून घेऊन एका घरी ठेवा. गावात पशुसखी असेल तर तिला या कामात सोबत घ्या.

त्या ताईंची गाय आता दिवसाला चौदा लिटर देते. हप्ते वेळेवर चालू आहेत. पुढच्या वेतासाठी त्यांनी गोठ्याचा एक कोपरा फोडून कोबा काढला आणि तिथे नदीची वाळू टाकली आहे.