चाळणीत राहिलेला कोंडा आणि आपला दस्तरख्वान

सकाळी चहाबरोबर खारी किंवा बटर. मुलांच्या डब्यात जाम-पाव, नाहीतर नूडल्स. दुपारी पांढरा भात आणि सालन. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत टोस्ट. रात्री पाहुणे आले म्हणून बाजारातून नान. आपल्या घरातला असा एखादा दिवस आठवा आणि त्यात मैदा किती वेळा आला ते मोजा. चार वेळा तरी नक्कीच निघेल. पालेभाजी बहुतेक एकदाही नाही.

सहीह बुखारीत अन्नाच्या प्रकरणात एक प्रसंग आहे. हजरत सहल बिन साद (रजि.) यांना कुणीतरी विचारलं, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी कधी बारीक चाळलेल्या पांढऱ्या पिठाची रोटी खाल्ली होती का? त्यांच्या उत्तराचा आशय असा की, प्रेषितत्व मिळाल्यापासून अखेरपर्यंत प्रेषितांनी असं पीठ पाहिलंही नाही. मग चाळण्यांशिवाय तुम्ही जव कसे खात होता? दळायचो, फुंकर मारायचो, उडेल तेवढा कोंडा उडायचा, उरलेलं भिजवून भाजायचो. ही गरिबीची हकीकत म्हणून आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण आज डॉक्टर साखरेच्या रुग्णाला जे सांगतात, ते यापेक्षा फार वेगळं नसतं.

कारण चाळणीत जे राहतं, तेच कामाचं असतं. गव्हाच्या दाण्याचा मैदा करताना वरचं साल आणि आतला अंकुर दोन्ही काढून टाकतात. 100 ग्रॅम गव्हाच्या आट्यात साधारण 11 ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात 3 ग्रॅमसुद्धा नाहीत. लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वंही घटतात. उरतो तो मुख्यतः स्टार्च. तो लवकर पचतो, रक्तातली साखर भराभर वाढवतो आणि तासा-दोन तासांत पुन्हा भूक लावतो. खारी-बटरमध्ये त्यावर वनस्पती तूप आणि मीठ-साखर चढते ती वेगळीच.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत. आकडा सोडा, आपल्या नात्यातच बघा. प्रत्येक खानदानात दोन-तीन जण गोळ्यांवर आहेत, एखाद्या चाचांचं डायलिसिस चालू आहे. आणि त्यांच्यासाठी वेगळी भाकरी करून बाकीचं घर नानच खातं! पथ्य म्हणजे आजाऱ्याची शिक्षा, हा समज आपण कुठून आणला कोण जाणे. मुलांनी तीच भाकरी आजपासून खाल्ली, तर त्यांच्यावर ही वेळ येण्याची शक्यता कमी होईल.

भाकरी आपल्याला नवी नाही. मराठवाड्यात ज्वारी, खानदेशात बाजरी-कळणा, कोकणात तांदूळ-नाचणी, हेच आपल्या दादी-नानीचं रोजचं जेवण होतं. बिर्याणी शादीला किंवा ईदला. आज दावतीचं खाणं रोजचं झालं आणि रोजचं खाणं हॉटेलात ‘स्पेशल’ म्हणून मिळायला लागलं. ज्वारीत 100 ग्रॅममागे 10 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या वर लोह आहे, मैद्याच्या तिपटीहून जास्त. नाचणीतलं कॅल्शियम तर दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या धान्यात नाही, 350 मिलिग्रॅमच्या आसपास. अर्धा किलो खारीच्या पैशात किलोभर ज्वारी सहज येते.

लोहाचा मुद्दा विशेष करून घरातल्या बायकांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्याकडे अम्मी सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर पातेल्यात रस्सा उरलेला असतो, बोटी संपलेली असते. ही कुर्बानी नव्हे, हा आजार आहे. तिचं ताट आधी काढून ठेवा. जेवणात लिंबू पिळलं तर धान्य-भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. चहा तासाभरानं घ्या.

गोश्त सोडा असं आम्ही म्हणत नाही. आपला दालचाच बघा: डाळ, दुधी, चिंच आणि थोडं गोश्त. मुहर्रमचा खिचडा बघा, त्यात अख्खा गहू, जव, तीन-चार डाळी एकत्र शिजतात. तेलाचा तवंग कमी केला, तर यापेक्षा पौष्टिक एकपातेली जेवण शोधून सापडणार नाही. पाव किलो गोश्तात अंबाडी किंवा चुका घाला, पाच जणांचं सालन होतं.

आता एक सावधगिरी. ‘सुन्नत फूड’ असं छापलेली तलबीनाची महागडी पाकिटं हल्ली विकली जातात. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पेज. किराणा दुकानातून जव आणून दळले की घरी होते. मध, खजूर मोजूनच, कारण त्यातही साखर आहे. भाकरीनंही साखर वाढतेच, तीन भाकऱ्या खाऊन पथ्य होत नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही तिर्मिजीतली शिकवण इथे लागू होते. औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर धान्य-डाळीचा बदलही त्यांना विचारूनच करा.

सुरुवात कशी करायची? एकदम सगळं बदललं तर मुलं ताट सरकवतात. आधी फक्त चहाची खारी बंद करा, तिथे मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा. मग आठवड्यातून तीन रात्री भाकरी. गव्हाचं दळण गिरणीतून आणल्यावर घरी चाळू नका, चाळलंच तर मोठ्या भोकाच्या चाळणीनं. नव्या सुनांना भाकरी थापता येत नाही ही तक्रार बरेचदा पिठाचीच असते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी तुटते. बाजरीचं पीठ तर काही दिवसांतच कडवट होतं. म्हणून आठ दिवसांपुरतंच दळून आणा, उकळतं पाणी घालून पीठ भिजवा, चांगलं मळा. तरीही तुटली तर दूध-गूळ घालून कुस्करा. मुलं मलिदा म्हणून आवडीनं खातात.