सगळ्यांना ‘जंतू’ म्हणू नका

दह्याचा टाचणीच्या टोकाएवढा कण काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळू द्यायचा, पट्टी ज्योतीवरून दोनतीनदा फिरवायची, मग मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून धुवायची. सूक्ष्मदर्शकाचं सर्वांत मोठं भिंग लावलं, की एवढ्याशा दह्यात दोन प्रकारची वस्ती दिसते. माळेत ओवलेल्या मण्यांसारखे गोल आणि काडीच्या तुकड्यांसारखे लांबट. गोल ते बहुधा स्ट्रेप्टोकॉकस, लांबट ते लॅक्टोबॅसिलस. दुधातल्या साखरेचं आम्ल करून ते आपलं दही लावतात. त्याच स्ट्रेप्टोकॉकसच्या कुळातला दुसरा एक भाऊ मुलांचा घसा धरतो. तेव्हा नुसत्या आकारावरून किंवा कुळावरून जिवाणूची पारख होत नाही.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. जिवाणूंना जांभळा रंग द्यायचा, त्यावर आयोडीन घालायचं, मग अल्कोहोलने धुवायचं. काही जांभळे राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. काहींचा रंग निघून जातो, ते ग्रॅम निगेटिव्ह. फरक भिंतीचा आहे. पहिल्यांची भिंत जाड. दुसऱ्यांची पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक आवरण असतं आणि तेच अनेक औषधांना आत शिरू देत नाही. लघवीच्या कल्चर रिपोर्टवर हे शब्द दिसतात ते याचसाठी. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, याचं कारणही इथेच आहे. त्याला बाधलेला जिवाणू कोणत्या भिंतीआड बसलाय हे आपल्याला ठाऊक नसतं.

क्षयाचा जिवाणू या दोन्ही घरांत नीट बसत नाही. त्याच्या भिंतीत मेणासारखा थर असतो, साधा रंग त्याला धरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्याचा शोध जाहीर केला. हा जिवाणू अतिशय संथ. ई-कोलायला अनुकूल परिस्थितीत एकाचे दोन व्हायला वीसेक मिनिटं पुरतात, याला पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे औषधंही महिनोन्‌महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं.

काही जिवाणू संकटात स्वतःभोवती टणक कवच करून पडून राहतात. त्याला बीजाणू म्हणतात. तांदळावर असलेल्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला, की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष सकाळच्या फोडणीच्या आचेवरही टिकतं. फोडणीचा भात मलाही आवडतो. पण त्यासाठीचा भात वाफ जिरली की लगेच फ्रीजमध्ये जायला हवा.

आणि शेवटी माझे सर्वांत लाडके. पेरून दीडेक महिना झालेला भुईमुगाचा वेल मातीसकट अलगद उपटून मुळं पाण्यात हलवा. मुळांना मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर गाठ कामावर आहे. आत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात, वेल त्यांना साखर पुरवतो. आतला गुलाबीपणा आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा: तो प्राणवायू जपून वापरायला लावतो, कारण मोकळा प्राणवायू जास्त झाला तर नायट्रोजनचं काम बंद पडतं.

हे जिवाणूही कुणाच्याही मुळाशी नांदत नाहीत. हरभऱ्याचे भुईमुगाला चालत नाहीत. म्हणून जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचं नाव आधी वाचायचं. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. उन्हात ठेवलं तर पाकिटातले सगळे जिवंत मजूर शेतात पोचण्याआधीच मरतात.