आमची शेगडी : तिचे विकार व उपचार

ठाण्याहून घोडबंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज जी दाट वस्ती दिसते, ती फार जुनी नव्हे. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली हीं मुळांत लहान गांवें व पाडे. एकीकडे येऊरचा डोंगर व दुसरीकडे खाडी. सन १९९० नंतरच्या काळांत येथें इमारती झपाट्यानें उठल्या आणि आमच्यासारखीं मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबें मुंबईंतील चाळी सोडून येथें आलीं. त्यांतील पहिल्या इमारतींनीं आतां पंचविशी ओलांडली आहे. भिंतींस ओल येते, नळ गंजतात, आणि त्याची चर्चा सोसायटीच्या सभेंत यथासांग होते. परंतु ज्या वस्तूवर घरांतील दोन्ही वेळचें अन्न शिजतें, त्या शेगडीची विचारपूस ती रुसल्यावांचून कोणी करीत नाहीं. मींही केली नव्हती. त्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

माझें बालपण रॉकेलच्या पितळी स्टोव्हच्या घरघराटांत गेलें. ज्या जातीचा तो स्टोव्ह, ती स्वीडन देशांत १८९२ च्या सुमारास प्रचारांत आली. त्याचें छिद्र वरचेवर चोंदे, आणि पिन मारून तें मोकळें करणें हें आम्हां मुलांचें काम असे. मुंबईंत १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें टाकींतील वायु विकण्यास प्रारंभ केला, तरी आमच्यासारख्यांच्या घरीं तो येण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. १९९५ सालीं महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि कालांतरानें ठाण्यांतील घरोघरीं नळाचा वायु आला. साधनें अशीं दोनदां पालटलीं, पण पिन मारण्याची माझी संवय कांहीं पालटली नाहीं. त्याविषयीं पुढें सांगेन.

प्रथम ज्योतीचें तत्त्व समजून घेऊं. शेगडीच्या पोटांत पितळेची एक बारीक तोटी असते. तिला मिस्त्री लोक जेट किंवा नोझल म्हणतात. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून वायु वेगानें सुटतो, सुटतांना शेजारची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो, आणि तें मिश्रण बर्नरच्या भोकांतून बाहेर पडून जळतें. जर्मनींतील बुन्सेन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५५ सालीं प्रयोगशाळेकरितां जो दिवा प्रचारांत आणला, त्याचेंच हें तत्त्व होय. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी व स्थिर राहते. कमी पडली तर ती पिवळी होते, भांड्यांस काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निर्माण होऊं लागतो. ह्या विषाला रंग नाहीं व वासही नाहीं. डोकें दुखणें व भोंवळ येणें हीच त्याची सूचना.

आतां टाकींतील वायु आणि नळांतील वायु एक नव्हेत. टाकींत प्रोपेन व ब्यूटेन, नळांत मुख्यतः मिथेन. मिथेनचा एक भाग जाळण्यास सुमारें दहा भाग हवा लागते; प्रोपेनला चोवीस आणि ब्यूटेनला एकतीस. सारख्याच आकारमानांत टाकींतील वायूची उष्णताही दुपटीहून अधिक. म्हणून टाकीच्या शेगडीचें छिद्र बारीक ठेवतात व नळाच्या शेगडीचें मोठें. आमच्या इमारतींत नळ आला तेव्हां कारागिरानें शेगडीच्या तोट्या बदलून दिल्या होत्या. मीं त्या पाहिल्या होत्या, आणि विसरलोंही होतों.

दोन वर्षांनीं मुलीनें कांचेची नवी शेगडी आणली. जुनी चांगली चालत होती. सौ. म्हणाली, "आपल्या कामाच्या बाईंना देऊं, त्यांची अगदीं मोडकळीस आली आहे." मीं आनंदानें दिली व मनांत थोडें पुण्यही जमा धरलें. त्या बाई डोंगराच्या पायथ्याशीं एका खोलींत राहतात. तेथें नळ नाहीं, टाकी आहे. आठ-दहा दिवसांनीं सौ.नें शेगडीविषयीं सहज विचारलें, तेव्हां त्या संकोचानें म्हणाल्या, "शेगडी चांगली आहे हो आजी. पण जाळ फार उंच येतो. भांडीं काळीं होतात, आणि धाकट्याचं डोकं दुखतं म्हणतो." मीं आंतून ऐकत होतों. माझ्या हातांतील वर्तमानपत्र गळून पडलें.

नळाच्या मोठ्या छिद्रांतून टाकीचा वायु सुटत होता! ज्योत जवळजवळ दुप्पट, हवा अपुरी, खोलीस खिडकी एक, आणि तीही पावसामुळें बंद. चाळीस वर्षें मीं मुलांना शिकविलें कीं ‘हृ’ धातु एकच, पण उपसर्ग बदलला कीं आहाराचा संहार होतो. शेगडी एकच असून तोटी न बदलल्यामुळें तेंच होऊं घातलें होतें. मीं विचारलें, "बाई, इतके दिवस सांगितलें कां नाहीं?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, दिलेल्या वस्तूला नांव कसं ठेवायचं?" त्याच सायंकाळीं मिस्त्रीस घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. तोट्या बदलल्या, रबरी नळी नवी घातली, अर्ध्या घटकेंत काम झालें. खर्च अगदीं किरकोळ. न केला असता तर किती पडला असता, ह्याचा हिशेब करण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

त्या मिस्त्रीपाशीं बसून जें शिकलों, तें वाचकभगिनींसाठीं थोडक्यांत देतों.

ज्योत मंद किंवा पिवळी झाली कीं बहुधा बर्नरचीं भोकें दुधानें, भाताच्या पेजेनें किंवा रस्त्याच्या धुळीनें चोंदलेलीं असतात. शेगडी गार झाल्यावर बर्नर काढून गरम साबणाच्या पाण्यांत भिजवावा, खराट्याच्या काडीनें भोकें मोकळीं करावीं व पूर्ण वाळवूनच परत बसवावा. मात्र आंतील तोटींत सुई किंवा पिन कदापि घालूं नये. मीं जुन्या संवयीनें घालीत असें. पितळ मऊ, छिद्र रुंदावतें व ज्योत कायमची बिघडते. चोंदलेली तोटी बदलणेंच इष्ट.

ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन सूं-सूं आवाज करीत असेल तर हवा अधिक होत आहे असें समजावें. ‘टप्’ असा आवाज होऊन ज्योत आंत शिरली तर चावी तत्काळ बंद करावी, शेगडी निवूं द्यावी व बर्नरची टोपी नीट बसली आहे कीं नाहीं तें पाहावें. चावी घट्ट झाली तर पकडीनें पिळूं नये व खाण्याचें तेलही सोडूं नये. तिला उष्णता सोसणारें खास वंगण लागतें आणि तें काम जाणत्यानेंच करावें. तापलेल्या कांचेवर ओलें फडकें फिरवूं नये.

रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. तिला कापड गुंडाळूं नये, कारण भेगा व उंदरांचे दांत झांकले जातात. गळतीची शंका आल्यास साबणाचा फेंस लावून पाहावें, काडी पेटवून नव्हे.

आमच्या जुन्या घरांचा एक विशेष दोष आहे. गॅलरी आंत घेतली, माळा बांधला आणि वरचा झरोका बुजला. नळाचा वायु हवेहून हलका, तो छताशीं सांचतो. टाकीचा जड, तो जमिनीवर पसरतो. म्हणून नळ असेल तेथें वरचा झरोका आणि टाकी असेल तेथें खालची वाट मोकळी हवी. उंच मजल्यावर खाडीचा वारा ज्योत विझवितो म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेणें चुकीचें. शेगडीस आडोसा करावा. वायूचा वास आल्यास चाव्या व मुख्य तोटी किंवा रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणास हात लावूं नये, आणि बाहेर येऊन टाकीसाठीं १९०६ ह्या क्रमांकावर अथवा नळासाठीं बिलावर छापलेल्या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं एकच विनंति. दिवाळीच्या आधीं आपण घरें आवरतों आणि जुन्या वस्तु घरीं राबणाऱ्या माणसांस देतों. पात्र पाहून दान द्यावें असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्याचा अर्थ घेणारा योग्य आहे कीं नाहीं, एवढाच मी आजवर घेत होतों. दिलेली वस्तु त्याच्या घरास योग्य आहे कीं नाहीं, हें पाहणें देणाऱ्याचें काम आहे. शेगडी द्यावयाची असेल तर "तुमच्याकडे टाकी आहे कीं नळ?" एवढा प्रश्न अवश्य विचारावा, तोट्या बदलून घ्याव्या, आणि मगच ती त्यांच्या हातीं द्यावी.