शस्त्रक्रियेनंतरचे दुसरे बाळंतपण

एकदा पोट चिरून बाळंतपण झाले की पुढचेही तसेच व्हावयाचे, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी तसे लिहिलेही होते. त्यांचा रोख मात्र पहिलीच शस्त्रक्रिया विचारपूर्वक करावी, याकडे होता. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत, आणि पुढे कळांच्या जोराने तो व्रण उसवण्याचे भय मोठे असे. आता छेद बहुधा खालच्या भागात आडवा असतो. असा एकच व्रण असून कळा येऊ दिलेल्या दर चौघींपैकी सुमारे तिघी नैसर्गिक रीतीने प्रसूत होतात; व्रण उसवण्याचा प्रसंग सुमारे २०० जणींत एकीवर येतो.

परंतु पोटावरचा वण पाहून आतला छेद ओळखता येत नाही. वरचा आडवा आणि आतला उभा, असेही घडते. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी, डॉक्टर निराळे. तेव्हा शस्त्रक्रियेचा कागद दागिन्यासारखा जपून ठेवावा.

घरच्यांना कितीही घाई असो, पुन्हा दिवस राहण्यापूर्वी २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवस राहिल्यावर गर्भ जुन्या व्रणावर तर रुजला नाही ना, हे सोनोग्राफीने लवकर पाहून घ्यावे. प्रसूतीही रक्ताची व शस्त्रक्रियेची सोय अष्टौप्रहर असेल अशाच रुग्णालयात व्हावी.