खिडकीवरील संभाषण : मेथाडोन-केंद्रातील कर्मचारी व रुग्ण

वैद्य आणि रुग्ण यांचा संबंध विश्वासावर उभा असतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. रुग्ण आपले दुखणे वैद्यापासून लपवीत नाही. कारण लपविण्यात नुकसान त्याचेच असते. अमेरिकेतील मेथाडोन-उपचारकेंद्रांत या गृहीताची कसोटी लागते. तेथे खरे सांगण्यातही रुग्णाचे नुकसान होऊ शकते. हे कशामुळे घडते व तेथील भाषेत ते कसे उमटते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हेरॉइनसारख्या अफूवर्गीय द्रव्याच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस मेथाडोन हे औषध रोज योग्य मात्रेने दिले असता तिची तलफ शमते, द्रव्य तुटल्यावर होणाऱ्या यातना टळतात आणि नोकरी व संसार सांभाळणे तिला शक्य होते. व्हिन्सेंट डोल व मेरी नायस्वांडर यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९६४ साली या उपचाराचा अभ्यास आरंभिला आणि १९६५ साली २२ रुग्णांविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यसनाकडे दीर्घकालीन आजार म्हणून पाहावे, ही त्यांची भूमिका होती. उपचाराचा प्रसार होताच औषध बाहेर विकले जाईल अशी भीती निर्माण झाली. ती निराधार नव्हती. सवय नसलेल्या माणसाला मेथाडोनची मात्रा प्राणघातक ठरू शकते. १९७२ साली संघशासनाने कडक नियम केले आणि औषध मुख्यतः नेमलेल्या केंद्रांतूनच मिळू लागले. डोल व नायस्वांडर यांनी १९७६ साली दहा वर्षांचा आढावा घेताना या नियमबद्धतेवर टीका केली.

केंद्रातील नित्यक्रम असा असतो. रुग्ण सकाळी रांगेत उभा राहतो. खिडकीपाशी येताच आपले नाव किंवा क्रमांक सांगतो. परिचारिका मोजलेले औषध देते व तो ते तिच्यासमोर पितो. नंतर त्याने काहीतरी बोलावे अशी तिची अपेक्षा असते. बोलला म्हणजे औषध तोंडात धरून ठेवलेले नाही, याची खात्री पटते. हा प्रकार भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ साली असे दाखविले होते की, ‘कसे काय, बरे आहे ना?’ यांसारखी वाक्ये माहिती देण्यासाठी उच्चारली जात नाहीत, माणसांमधील संबंध राखण्यासाठी उच्चारली जातात. खिडकीवरील ‘आभारी आहे’ हे शब्द दोन्ही कामे एकदम करतात. ते सौजन्याचे आहेत आणि तोंड रिकामे असल्याचा पुरावाही आहेत. त्याचप्रमाणे परिचारिकेची दृष्टी काळजीची असते आणि पहाऱ्याचीही असते. रुग्णाला गुंगी आलेली असताना औषध दिले तर त्याच्या जिवाला अपाय होईल, म्हणून तिला पाहणे भागच असते.

समुपदेशकाच्या खोलीत ही द्विविधता अधिक तीव्र होते. रुग्णाने आपली अडचण, आपला मोह, आपली घसरण मोकळेपणाने सांगावी, अशी समुपदेशकाची इच्छा असते. परंतु घरी न्यावयाच्या मात्रांविषयीच्या निर्णयात त्याच्याच शिफारशीला वजन असते आणि मूत्रपरीक्षेची नोंदही त्याच्यापुढेच येते. या मात्रा मिळाल्या तर रुग्णाला रोजची खेप टळते. त्या बंद झाल्या तर कामावर वेळेवर पोहोचणेही कठीण होते. म्हणून घसरण कबूल करणारा रुग्ण उपचाराला साहाय्य करीत असतो आणि स्वतःविरुद्ध साक्षही देत असतो. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० साली सर्वनामांच्या वापरामागे सत्ता व सख्य अशी दोन तत्त्वे दाखविली. आजच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेद नाही. पण म्हणून ती तत्त्वे नाहीशी झालेली नाहीत. रुग्ण नावाने ओळखला जातो की क्रमांकाने, एवढ्यावरूनही ती व्यक्त होतात.

केंद्रातील शब्दसंग्रह हेच सांगतो. परीक्षेत द्रव्याचा अंश सापडला नाही तर नमुना ‘क्लीन’, सापडला तर ‘डर्टी’. विशेषण मूळचे नमुन्याचे. ते सहज माणसाला चिकटते. घरी नेण्याच्या मात्रेला ‘सवलत’ म्हटले जाते आणि ती ‘कमवावी’ लागते. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनविषयी असे कोणी म्हणत नाही. रुग्णांनीही आपल्या परीने उत्तर दिले आहे; त्यांच्या बोलीत या औषधाला ‘द्रवरूप बेड्या’ असे नाव आहे. शब्दांचा हा परिणाम केवळ तर्काने मानण्याचा नाही. केली व वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचशेहून अधिक मानसोपचार-व्यावसायिकांना एकाच व्यक्तीचे वर्णन वाचावयास दिले. काहींच्या प्रतीत तिला ‘द्रव्याचा गैरवापर करणारा’ म्हटले होते, तर इतरांच्या प्रतीत ‘द्रव्यसेवनाचा विकार असलेला’. पहिला शब्दप्रयोग वाचणाऱ्यांनी त्या व्यक्तीला अधिक दोषी मानले व दंडात्मक उपायांकडे त्यांचा कल अधिक दिसला. हे वाचक स्वतः उपचार करणारेच होते.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. १९ समूहांच्या अभ्यासांचे २०१७ साली जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात मेथाडोन घेत असलेल्यांचा मृत्युदर दर हजार व्यक्तिवर्षांमागे ११.३, तर उपचार सुटल्यानंतरचा ३६.१ आढळला. ज्या अपमानामुळे रुग्ण रांगेत उभे राहणे सोडून देतो, तो त्याच्या प्राणावर बेतू शकतो.

नियमांत आता बदल झाला आहे. साथीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, स्थिरावलेल्या रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नव्या नियमांनी ३१ व्या दिवसापासून तेवढ्या मात्रा देणे शक्य केले. पूर्वीच्या नियमांत महिन्याभराच्या औषधासाठी दोन वर्षे लागत. समुपदेशन नाकारल्यामुळे औषध अडवू नये, असेही ठरले. समुपदेशकाला याचा तोटा नाही. जेथे येणे सक्तीचे नाही तेथे रुग्ण आला, तर तो बोलण्यासाठीच आला आहे असे समजता येते. मात्र हे नियम कमाल मर्यादा सांगतात. प्रत्यक्षात किती द्यावयाचे हा निर्णय केंद्राच्याच हाती राहतो. संबंधाचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

या संदर्भात आपल्या शब्दाकडे पाहणे उचित होईल. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे दुर्गुण, तसेच संकटही. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात कौटिल्याने राज्यावरील आपत्ती आणि पुरुषाचे दोष या दोहोंचा विचार याच शब्दाखाली केला आहे. माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी व्युत्पत्तीही त्याने दिली आहे. या व्युत्पत्तीत माणूस कर्ता नाही, कर्म आहे. मराठीत संकटाचा अर्थ लोपला आणि ‘व्यसनी’ या शब्दात केवळ दोष उरला. तथापि मराठी वाक्यरचनेने जुनी जाण सोडलेली नाही. ‘त्याला व्यसन लागले’ असेच आपण म्हणतो. ताप येतो, आजार जडतो, तसेच व्यसन लागते. औषधाच्या खिडकीमागे बसणाऱ्याने माणसाकडे कसे पाहावे, याचे उत्तर या साध्या वाक्यात आहे.