हैदराबाद नंबर १२-ए

लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. तिथे पहिल्या महायुद्धातलं एक दुपंखी बॉम्बफेकी विमान जपून ठेवलंय. त्याचा प्रकार डीएच-९ए आणि क्रमांक एफ-१०१०. हे विमान हैदराबादच्या निजामाची भेट असल्याचं त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिलेलं आहे आणि त्याचं नाव आहे ‘हैदराबाद नंबर १२-ए’. हे विमान धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंही आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

१९१८ साली तेरणेकाठचं हे गाव निजामाच्या राज्यात होतं. मीर उस्मान अली खान गादीवर होते आणि जिल्ह्याला त्यांचंच नाव होतं. हैदराबाद संस्थानचं मोठं उत्पन्न शेतसाऱ्याचं. सरकारी खजिन्यात जाणारा पैसा असो की सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खाजगी मुलखातून थेट त्यांच्याकडे जाणारा, त्याचा उगम ज्वारी, कापूस, करडई पिकवणाऱ्या रानातच होता. त्या राज्याचे मराठवाडी जिल्हे त्यात आपला वाटा दरसाल भरत होते. विमानावर नाव एकाचंच आलं. ज्यांनी सारा भरला त्यांतल्या फार थोड्यांनी तोवर विमान नावाची वस्तू पाहिली असेल. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळगाडी या भागातून लातूरला पोहोचली ती १९११ मध्ये, आणि तेही इथल्या माणसांना मोठंच नवल होतं.

निजामाने इंग्रजांना विमानं का द्यावीत, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव आणि नळदुर्गचा मुलूखही कंपनीच्या हवाली केला होता. १८५७ च्या उठावात हैदराबादचा दरबार इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये हा मुलूख रायचूर दुआबासह परत मिळाला. म्हणजे तेर ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हाच त्या निष्ठेची परतफेड होता. पुढे पहिल्या महायुद्धात उस्मान अली खानांनी इंग्रजांना सढळ हाताने मदत केली आणि १९१८ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या पैशाने सजलेली एक अख्खी स्क्वाड्रन फ्रान्सला रवाना झाली.

ते विमान होतं तरी कसं? राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चं. ते बारा सेकंद टिकलं आणि त्यात यंत्राने ३६ मीटर अंतर कापलं. त्यानंतर पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत डीएच-९ए दोन माणसं, मशीनगना आणि तीनशे किलोंच्या आसपास बॉम्ब घेऊन शत्रूच्या मुलखात खोलवर जात होतं. वेग होता ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळपास. पंखांचा पसारा चौदा मीटर. त्याचा सांगाडा लाकडाचा, ताण धरायला तारा आणि वरून लिननचं कापड. आपल्या रानात हरभऱ्याच्या, करडईच्या कडेने जवस दिसतो ना, त्याच झाडाच्या खोडाचा धागा काढून हे कापड विणतात. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरला, आयर्लंडने धाग्यासाठी. कापड सांगाड्यावर चढवलं की वरून ‘डोप’ नावाचं रसायन फासायचे. ते वाळताना कापड आक्रसून ताठ होई, ढोलकीच्या पानासारखं.

याच्या आधीचा डीएच-९ फसला होता. जेफ्री डी हॅविलँड यांची आखणी चांगली होती, पण त्यात बसवलेलं प्यूमा इंजिन कमी ताकदीचं आणि बेभरवशाचं निघालं. बॉम्ब लादलेली विमानं उंची गाठू शकत नव्हती आणि खालीच रेंगाळणाऱ्या विमानाला जर्मन लढाऊ विमानं टिपत. तोडगा अमेरिकेहून आला. १९१७ च्या मेअखेरीस वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून दोन अभियंत्यांनी आठवड्याच्या आत बारा सिलिंडरच्या ‘लिबर्टी’ इंजिनाचा आराखडा काढला. चारशे अश्वशक्तीचं ते धूड जुन्या सांगाड्यात बसण्यासारखं नव्हतं. म्हणून इंग्लंडमधल्या योव्हिलच्या वेस्टलँड कारखान्याने पंख वाढवले, सांगाडा मजबूत केला आणि नवं विमान उभं केलं. एफ-१०१० तिथलंच.

त्यातली एक सुधारणा मला इंजिनाइतकीच मोलाची वाटते. त्याही आधीच्या डीएच-४ मध्ये वैमानिक आणि मागचा निरीक्षक यांच्या मधोमध पेट्रोलची टाकी होती. ऐन लढाईत एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसे आणि खाणाखुणाही धड पोहोचत नसत. डीएच-९ आणि ९ए मध्ये दोघांच्या बैठका पाठोपाठ आल्या. मागच्याने खांद्यावर थाप मारली की पुढच्याला कळे, शत्रू कुठून येतोय. डोक्यावर छप्पर नाही, समोर वारा, आणि चार-पाच हजार मीटर उंचीवर हाडं गोठवणारी थंडी. त्या थंडीसाठी वैमानिक ‘सिडकॉट’ नावाचा एकसंध पोशाख घालत. तो शोधून काढला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने. कामावरच्या तेलकट कपड्यांनिशीच उडालो तेव्हा थंडी कमी वाजली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यातून हा पोशाख जन्मला. कॉटन हे नाव लक्षात ठेवा. तीस वर्षांनी ते आपल्या हद्दीत पुन्हा येतं.

निजामाच्या विमानांची स्क्वाड्रन होती ११० नंबरची. पूर्णपणे डीएच-९ए वर सज्ज होऊन आघाडीवर गेलेली ही पहिलीच. १९१८ च्या सप्टेंबरात ती पूर्व फ्रान्समधल्या बेतोंकूरच्या तळावर आली. तिचं काम दिवसाढवळ्या जर्मनीतली शहरं, रेल्वेची ठाणी आणि कारखाने यांवर बॉम्ब टाकण्याचं. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. मधल्या दोन-सव्वादोन महिन्यांत तिची सतरा विमानं शत्रूच्या मुलखातून परतली नाहीत आणि आणखी अठ्ठावीस अपघातांत मोडली. प्रत्येकात दोन तरुण पोरं बसलेली असत. ही भेट किती महाग होती, याचा हिशेब पौंडांत लागत नाही.

एफ-१०१० ५ ऑक्टोबर १९१८ ला निघालं ते परतलं नाही. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली यांना शत्रूच्या मुलखात उतरावं लागलं आणि दोघं कैद झाले. विमान जर्मनांच्या हाती पडलं. पुढे बर्लिनच्या विमान संग्रहालयात ते विजयचिन्ह म्हणून मांडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्या संग्रहालयावरच बॉम्ब पडले आणि वाचलेली विमानं पूर्वेकडे हलवली गेली. तो भाग युद्धानंतर पोलंडमध्ये आला. असं हे विमान क्राकूव्हच्या संग्रहालयात पोहोचलं. १९७७ मध्ये इंग्रजांनी एक स्पिटफायर देऊन ते मागून घेतलं. स्पिटफायर हे त्यांचं सर्वांत लाडकं विमान, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी हैदराबादच्या रयतेच्या पैशाचं विमान घरी नेलं. मराठवाड्यातल्या माणसाने हा सौदा जरूर ध्यानात ठेवावा.

त्याच १९१८ मध्ये एक मराठी माणूस फ्रान्सच्या आकाशात स्वतः लढत होता, त्याला वगळून पुढे जाता येत नाही. श्रीकृष्ण वेलिणकर मुंबईचे, केंब्रिजला शिकलेले. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये ते ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे एका आसनाचं लढाऊ विमान उडवत. त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असे आणि वैमानिकाचं डोकं त्या पंखाच्या मोकळ्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे वरचं सगळं आकाश त्याला दिसे. जूनच्या अखेरीस गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे. हिंदी माणसाला विमानदळात अधिकारी म्हणून घ्यायला इंग्रज नाखूश असत. त्या काळात तिथवर पोहोचलेले हिंदी वैमानिक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

दुसऱ्या महायुद्धात हैदराबादचं नाव लढाऊ विमानांवर आलं. १५२ नंबरची स्क्वाड्रन ‘हैदराबाद’ या नावाने ओळखली गेली आणि २५३ नंबरची ‘हैदराबाद स्टेट’ या. १९४० मध्ये इंग्लंडने देणगीदारांसाठी एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड अशी ठरवून टाकली होती. एवढी रक्कम भरली की देणाऱ्याचं नाव विमानावर रंगवलं जाई. १५२ च्या चिन्हात निजामाची दस्तार, म्हणजे पगडी आहे, आणि ब्रीद आहे ‘विश्वासू दोस्त’. १९१८ चा किताब असा थेट विमानदळाच्या बोधचिन्हात जाऊन बसला.

स्पिटफायरची कहाणी सगळ्यांना थोडीफार माहीत असते. आर. जे. मिचेल यांची आखणी, ५ मार्च १९३६ चं पहिलं उड्डाण, रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, पातळ लंबगोल पंख आणि त्यांत आठ मशीनगना. १५२ स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेलहून उडत होती. पोर्टलंडचं आरमारी बंदर राखण्याचं काम तिच्याकडे होतं. १९४३ च्या अखेरीस ती हिंदुस्थानात आली, आणि १९४४ मध्ये इम्फाळला जपान्यांचा वेढा पडला तेव्हा तिची स्पिटफायर विमानं त्या आघाडीवर लढली. जपान्यांना तिथे थोपवलं गेलं, यात या विमानांचा वाटा मोठा. ११० नंबरची जुनी स्क्वाड्रनही त्याच ब्रह्मदेशच्या आघाडीवर ‘व्हेंजन्स’ ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं घेऊन उतरली होती. धाराशिवच्या साऱ्यातून ज्या नावाला मान मिळाला ते नाव हिंदुस्थानच्या सीमेवर लढलं. माझ्या लेखी ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि निजामी राजवटीत रयतेने जे सोसलं ते आठवूनही मी तसंच म्हणतो.

चारच वर्षांनी चित्र उलटलं. देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद भारतात यायला तयार नव्हतं. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि गावोगाव रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत होती. तेव्हा सिडनी कॉटन पुन्हा समोर येतो, तोच सिडकॉट पोशाखवाला. मधल्या काळात त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर स्पिटफायरमधून उंचावरून छायाचित्रं घेण्याचं तंत्र उभं केलं होतं. आता तो कराचीहून रात्रीच्या अंधारात मोठी विमानं भरून निजामाला शस्त्रं पोहोचवत होता. ती उतरवायच्या जागांपैकी एक बीदर. धाराशिव जिल्ह्याच्या उमरग्याहून ते दूर नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आत शिरलं. यालाच ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या या मुख्य फौजेची पहिली गाठ पडली ती नळदुर्गात. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवण्याच्या आत ताब्यात घेणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं. तो शाबूत हाती आला आणि दुसऱ्या शीख पलटणीने किल्ला घेतला. दुसऱ्या एका तुकडीची तुळजापुरात निजामी पायदळाशी आणि रझाकारांशी दोन तास चकमक झाली. संध्याकाळपर्यंत मुख्य फौज उमरग्याला पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्यांना हुसकावलं ते भारतीय वायुदलाच्या टेम्पेस्ट विमानांनी.

हॉकर टेम्पेस्ट हे पंख्याच्या विमानांच्या युगातलं शेवटच्या पिढीचं यंत्र. वायुदलाकडचं टेम्पेस्ट-२ अठरा सिलिंडरच्या ‘सेंटॉरस’ इंजिनावर चाले. त्याची ताकद सुमारे अडीच हजार अश्वशक्ती, म्हणजे लिबर्टीच्या सहापट. पंखांत वीस मिलिमीटरच्या चार तोफा, आणि वेग ताशी सातशे किलोमीटरच्या घरात. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातही हीच विमानं लढली. हैदराबादेकडे त्यांना तोंड द्यायला एकही लढाऊ विमान नव्हतं. ज्या दरबाराने परक्या देशासाठी विमानांच्या स्क्वाड्रनी सजवल्या, त्याला स्वतःच्या आकाशात उडवायला एकही नव्हतं. विश्वासू दोस्ताच्या मदतीला लंडनहून कुणी आलं नाही. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो.

टेम्पेस्ट आणि स्पिटफायर दोन्ही आज दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात पाहता येतात. धाराशिवच्या शाळांच्या सहलींनी दिल्लीला गेल्यावर लाल किल्ल्याबरोबर तिथेही जावं. पण मला खरं म्हणायचंय ते तेरच्या संग्रहालयाबद्दल. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. हस्तिदंती बाहुली, मातीच्या मूर्ती, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, सगळं तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात तगर, म्हणजे हेच तेर, येतं. इथून गाड्यांवर लादलेलं कापड भडोचला जाई आणि पुढे समुद्रापार. तेरचा माल कुठवर पोहोचला हे सांगणं हेच त्या संग्रहालयाचं काम आहे, आणि तो प्रवास सातवाहनांपाशी थांबत नाही. एफ-१०१० चं एक मोठं छायाचित्र तिथे लागायला हवं. शेजारी १५२ स्क्वाड्रनचं दस्तारीचं चिन्ह आणि नळदुर्गच्या पुलाचं चित्र हवं, आणि खाली मराठीत सारी हकीकत.

याहून निकडीचं काम वेगळं आहे. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी जी मुलं आठ-दहा वर्षांची होती ती आज ऐंशी-नव्वदीच्या मध्ये आहेत. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, लोहारा आणि तेरणेकाठच्या गावांत अशी माणसं अजून आहेत. विमानाचा आवाज पहिल्यांदा कधी ऐकला, कुठे लपलो, घरच्यांनी काय सांगितलं, हे त्यांच्याकडून ऐकून ध्वनिमुद्रित करून ठेवायला मोबाइल पुरतो. गावोगावच्या शिक्षकांनी ते या हिवाळ्यातच सुरू करावं.